लाखावर धावलेली आलिशान सेडान घेताना : बेळगाव सीमाभागातील नव्या खरेदीदारांसाठी

नवी असताना पन्नास लाखांच्या घरात पडलेली मर्सिडीज ई क्लास किंवा बीएमडब्ल्यू 5 सिरीज दहा-अकरा वर्षांनी, सव्वा ते दीड लाख किलोमीटर धावल्यावर, आठ ते दहा लाखांत मिळते. एवढ्या पैशात नवी लहान एसयूव्ही येते, त्यामुळे मोह होणे स्वाभाविक आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हा मोह जरा जास्तच होतो, कारण उत्तरेला कोल्हापूर-पुणे, पश्चिमेला गोवा आणि दक्षिणेला हुबळी-बंगळूर असे तीन बाजार हाताशी आहेत आणि सकाळी निघून गाडी पाहून रात्री परत येता येते. मात्र गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. आठ लाखांच्या गाडीला लागणारा टर्बो, गिअरबॉक्स किंवा हेडलाइट हा पन्नास लाखांच्या गाडीचाच असतो आणि त्याच भावाने मिळतो. म्हणून मालकाशी बोलणी सुरू करण्याआधी तीन आकडे कागदावर मांडावेत: गाडीची किंमत, कर्नाटकात नोंदणीसाठी भरावा लागणारा कर, आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती. या तिन्हींची बेरीज आवाक्यात असेल तरच गाडी पाहायला जावे.

आधी पासिंग, मग गाडी

सीमाभागातील खरेदीदाराने मॉडेल आणि रंग यांच्याआधी पासिंग विचारावे. केए-22 म्हणजे बेळगाव किंवा केए-23 म्हणजे चिकोडी, अथवा कर्नाटकातील अन्य कोणत्याही कार्यालयाची नोंदणी असेल तर आजीवन कर आधीच भरलेला असतो आणि केवळ मालकीहक्क बदलावा लागतो. गाडी एमएच-09, एमएच-12 किंवा गोवा पासिंगची असेल, तर हिशेब पूर्णपणे बदलतो.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 47 नुसार दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी आपल्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तिला इथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि त्या वेळी कर्नाटकचा आजीवन कर भरावा लागतो. हा कर आपण गाडी किती रुपयांना घेतली त्यावर नव्हे, तर ती नवी असतानाच्या किमतीवर काढला जातो आणि गाडीच्या वयानुसार त्यात सूट मिळते. मूळ किंमत वीस लाखांच्या वर असेल तर कराचा दर 18 टक्के आहे आणि त्यावर उपकर वेगळा. पन्नास लाख मूळ किमतीच्या गाडीला नवी असती तर नऊ लाख रुपये कर बसला असता; दहा-अकरा वर्षांच्या गाडीला वयाची सूट धरूनही त्यातले निम्म्याच्या आसपास, म्हणजे चार लाखांच्या घरात, भरावे लागतात. पुण्यातून नऊ लाखांना आणलेली गाडी अशा रीतीने घरी येईपर्यंत तेरा लाखांची होते. नेमका आकडा परिवहन कार्यालयात आरसीची प्रत आणि मूळ बिल दाखवून आधीच काढून घ्यावा, कारण एजंट तोंडी सांगतो तो आकडा आणि चलनावरचा आकडा यांत पुष्कळदा फरक पडतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग नियमानुसार परत मागता येतो, पण एवढ्या जुन्या गाडीला त्यातून फारसे हाती लागत नाही. ती रक्कम हिशेबात धरू नये. मिळाली तर चांगलेच.

यावर आपल्याकडे एक सर्रास वापरली जाणारी युक्ती आहे: कोल्हापूरच्या मामांच्या किंवा कागलच्या मेहुण्यांच्या नावावर, त्यांच्या पत्त्यावर गाडी घ्यायची आणि ती इथे वापरायची. नाक्यावर कधी अडवले नाही, म्हणजे चालते, असा समज असतो. पण अपघात झाला तर विम्याचा दावा मामांच्या नावाने, अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस मामांच्या नावाने आणि गाडी विकायची झाली तर सहीसुद्धा मामांचीच. नातेसंबंध कितीही गोड असले तरी दहा लाखांची वस्तू दुसऱ्याच्या नावावर ठेवण्यात शहाणपण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय कलम 40 प्रमाणे गाडी जिथे नेहमी ठेवली जाते त्या राज्यातच तिची नोंदणी अपेक्षित असते.

दिल्लीच्या गाड्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या मोठ्या डिझेल सेडान पडेल भावाने दक्षिणेकडे येऊ लागल्या. त्यांचे इंजिन अनेकदा चांगलेही असते, पण ना हरकत प्रमाणपत्र निघालेले आहे का, परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर नोंदणी चालू स्थितीत दिसते का, हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. कर्नाटकचा कर या गाड्यांनाही तसाच लागतो. हे सारे लक्षात घेता, पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्याने केए पासिंगच्या गाडीसाठी लाख-दीड लाख जास्त मोजावे लागले तरी मोजावेत. एकूण बेरजेत तीच स्वस्त पडते.

किलोमीटर किती, यापेक्षा ते कुठे झाले

दहा वर्षांत दीड लाख किलोमीटर म्हणजे वर्षाला पंधरा हजार. अशा गाडीसाठी हे अजिबात जास्त नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर एका वेगात धावलेले दीड लाख किलोमीटर हे शहरातल्या गर्दीत, थंड इंजिनावर झालेल्या साठ हजारांपेक्षा इंजिनाला आणि गिअरबॉक्सला कमी त्रास देणारे असतात. 2013 ची गाडी आणि मीटरवर अठ्ठेचाळीस हजार, असे कोणी दाखवले तर आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी.

मीटर मागे फिरवलेला आहे का हे ओळखण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे अधिकृत कार्यशाळेतील सर्व्हिसची नोंद. चासी क्रमांक देऊन मालकामार्फत ती मागवता येते आणि प्रत्येक भेटीच्या वेळचे रीडिंग तिच्यात असते. तिला जोड म्हणून टायर पाहावेत. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. तीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीला टायरचा तिसरा संच असण्याचे कारण नसते. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड चुरगळलेली असेल, स्टीअरिंगचे चामडे गुळगुळीत चमकत असेल आणि ब्रेक पेडलच्या रबरावरच्या रेघा गेल्या असतील, तर मीटर काहीही सांगो, गाडी लाखाच्या वर गेलेली आहे. याशिवाय अनेक जर्मन गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरखेरीज इतर मॉड्यूलमध्येही, म्हणजे गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेट्यांमध्येही, राहते. चांगला स्कॅनर लावला की आकड्यांतली तफावत कळते.

कोणत्या गाड्या, आणि कोणत्या टाळाव्यात

टोयोटा कॅमरी हायब्रिड ही नवख्याला सर्वांत कमी त्रास देणारी आलिशान सेडान. तिचा डौल जर्मन गाड्यांचा नाही आणि बेळगावात कोणी मान वळवून पाहत नाही, हे खरे. पण देखभाल साधी आहे. बॅटरीची तपासणी तेवढी टोयोटाच्या कार्यशाळेत करून घ्यावी. त्याखालोखाल स्कोडा सुपर्ब 2.0 डिझेल, सहा गिअरच्या डीएसजीसह, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह. या गिअरबॉक्सचे क्लच तेलात असतात आणि दर साठ हजार किलोमीटरला तेल बदललेले असेल तर तो टिकतो. त्याच सुपर्बच्या 1.8 पेट्रोलला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी होता. त्याचे मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा नियंत्रक, गेले की खर्च लाखात जातो, म्हणून दोन्ही गाड्या शेजारी उभ्या असल्या तरी त्यांना एकच समजू नये.

मर्सिडीज ई 250 सीडीआयमधील 2143 सीसीचे डिझेल इंजिन दणकट समजले जाते, मात्र सुरुवातीच्या वर्षांतील इंजेक्टरांच्या तक्रारी जगभर झाल्या होत्या. ते बदलले गेले का, हे सर्व्हिसच्या नोंदीत पाहावे. बीएमडब्ल्यू 520 डी चालवायला यापेक्षा मजेदार आहे, पण 2011 पर्यंतच्या एन47 इंजिनाची टायमिंग चेन हा तिचा कच्चा दुवा आहे. ही चेन इंजिनाच्या मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या बाजूला असते. त्यामुळे ती बदलण्यासाठी गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिन उतरवावे लागते आणि बिल लाख-दीड लाखाच्या पुढे जाते. नंतरच्या काळातील, त्यातही बी47 इंजिनाच्या गाड्या घ्याव्यात. ऑडी ए4 आणि ए6 च्या जुन्या डिझेल गाड्यांत मल्टिट्रॉनिक नावाचा साखळीचा सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, होता आणि ऑडीने तो 2014 च्या सुमारास बंदच केला. लाखावर धावलेली मल्टिट्रॉनिक ऑडी कितीही देखणी असली तरी पहिली गाडी म्हणून घेऊ नये. हवेवर चालणारे सस्पेन्शन असलेल्या एस क्लास आणि ए8 बद्दलही हेच म्हणेन. एका बाजूला झुकून उभी असलेली एस क्लास बारा लाखांत मिळते, याचे कारण ती झुकूनच उभी आहे.

डिझेल की पेट्रोल, हे आपल्या वापरावर ठरवावे. अलीकडच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत डीपीएफ नावाची गाळणी असते. तिच्यात साचलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटे तरी महामार्गाच्या वेगाने चालावी लागते. ज्यांची गाडी टिळकवाडीतून निघून खडेबाजारापर्यंत आणि तिथून परत एवढीच फिरते, त्यांच्या डिझेल सेडानची गाळणी भरते, इंजिन ऑइलमध्ये डिझेल उतरते आणि दोष मात्र गाडीला दिला जातो. महिन्याला हजार किलोमीटरपेक्षा कमी धाव असेल तर पेट्रोल किंवा हायब्रिड घ्यावी.

गाडी पाहायला जाण्याचा दिवस

मालकाला आदल्या दिवशी फोन करून स्पष्ट सांगावे की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे बॉनेटवर हात ठेवणे. तो कोमट लागला तर गाडी आधीच सुरू करून ठेवली आहे, म्हणजे थंड इंजिनाचा आवाज ऐकू नये अशी कोणाची तरी इच्छा आहे. ऑटोनगरातील एक जुने मिस्त्री अशा वेळी सरळ म्हणतात, “साहेब, चहा सांगा. दोन-तीन तास बसू या, गाडी गार होऊ दे.” आणि खरोखर बसतात.

थंड गाडी सुरू करताना एकाने आत आणि दुसऱ्याने बॉनेटजवळ उभे राहावे. पहिल्या दोन-तीन सेकंदांत येणारा खडखडाट चेनचा असू शकतो. इंजिनाच्या मागच्या बाजूने येणारा, सायकलची साखळी घासल्यासारखा आवाज बीएमडब्ल्यूत ऐकू आला तर तिथेच थांबावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. थंडीत दिसणारी पांढरी वाफ निघून जाते, पण गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर कूलंट जळत असण्याची शक्यता असते. ऑइलचे झाकण उघडून आतल्या बाजूला पाहावे: काळसर पातळ थर ठीक, जाड डांबरासारखा थर म्हणजे ऑइल वर्षानुवर्षे उशिराने बदलले गेले आहे, आणि मलईसारखा पांढुरका थर दिसला तर पाणी कुठून शिरले याचा शोध घ्यावा लागेल.

चालवून पाहण्याचा मार्ग मालकाने नव्हे, आपण ठरवावा. बेळगावात असाल तर आधी पिरनवाडीहून जांबोटीच्या रस्त्याला काही किलोमीटर जावे. त्या खड्ड्यांत आणि वळणांत लोअर आर्म, बुश, लिंक रॉड या सस्पेन्शनच्या भागांचा आवाज लपत नाही. मग महामार्गाला लागून वंटमुरी घाट एसी चालू ठेवून चढावा. निपाणीकडे गाडी पाहत असाल तर हेच काम तवंदी घाटात होते. चढावर तापमानाचा काटा मध्यावरून हलता कामा नये, टर्बोची ओढ तुटक येता कामा नये आणि गिअर बदलताना पाठीत धक्का बसता कामा नये. उतरल्यावर गाडी सुरूच ठेवून डी मधून आर मध्ये आणि परत डी मध्ये दोन-तीनदा टाकावी. गिअर पडायला क्षणापेक्षा जास्त वेळ लागला किंवा दणका बसला, तर गिअरबॉक्सचे काम जवळ आले आहे असे समजावे. शेवटी गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहावी. आपल्या गावोगावच्या स्पीड ब्रेकरांवर या गाड्यांचे पोट घासते आणि इंजिनाखालचे प्लास्टिकचे आवरण, ऑइलचे पॅन आणि धुराची नळी यांवर त्याच्या खुणा राहतात.

त्यानंतर स्कॅनर. हजार-दोन हजार रुपये घेऊन कोणताही बरा गॅरेजवाला सगळे मॉड्यूल स्कॅन करून देतो. एकही जुना दोष नोंदलेला नसेल तर तेही जरा संशयास्पदच. कालच कोणीतरी पुसलेले असते. म्हणून चालवण्याआधी आणि चालवल्यानंतर असे दोनदा स्कॅन करावे.

पुरात बुडालेली गाडी

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी शिरले. शिरोलीजवळ पंचगंगेच्या पाण्याने महामार्गही बंद पडला होता. 2019 मध्ये आपल्या जिल्ह्यातही घटप्रभा, मलप्रभा आणि कृष्णेच्या काठची गावे पाण्यात होती. त्या काळात बुडालेल्या गाड्या धुऊन, वाळवून, नवे सीट कव्हर घालून पुढे विकल्या गेल्या आणि त्यातल्या काही आजही हातोहात फिरत आहेत. साध्या गाडीला पुराचे पाणी लागले तर ती दुरुस्त करता येते. आलिशान सेडानचे तसे नाही. बहुतेक जर्मन सेडानमध्ये बॅटरी डिकीत असते आणि कित्येक मॉड्यूल, वायरिंगचे जोड डिकीच्या तळाशी, सीटखाली आणि गालिच्याखाली असतात, म्हणून गुडघाभर पाणीसुद्धा पुरेसे होते. गंज आतून हळूहळू चढतो आणि दोन-तीन वर्षांनी एकेक दिवा, खिडकी, सेन्सर बंद पडू लागतो.

तपासणीसाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत, अगदी अडेपर्यंत, बाहेर ओढावा. वरचा भाग रोज हाताळला जातो आणि स्वच्छ धुतलाही जातो, पण रिळाजवळचा शेवटचा वीतभर पट्टा कोणी धूत नाही. तिथे तपकिरी पाण्याची आडवी रेघ किंवा हाताला लागणारी बारीक माती सापडली, तर पुढचे काही पाहू नये. मग पुढची सीट मागे सरकवून तिच्या रुळांचे बोल्ट पाहावेत, डिकीतला तळ उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवावे आणि गालिचा कोपऱ्यातून उचलून खालचा फोम दाबून पाहावा. ओल मात्र नेहमी पुराचीच असते असे नाही. आपल्याकडच्या पावसात, विशेषतः खानापूर-जांबोटी भागात, सनरूफच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबतात आणि पाणी आत उतरते. ते वेळीच साफ केले असेल तर ती मोठी गोष्ट नाही, पण फरक कळण्यासाठी अनुभवी माणूस सोबत हवा. विमा कंपनीकडून गाडीच्या जुन्या दाव्यांची माहिती मालकामार्फत मागवावी. पूर्ण नुकसानीचा दावा झालेला असेल तर तो तिथे दिसतो.

खर्चाचा ताळेबंद

खाली दिलेले आकडे ढोबळ आहेत आणि ई 250 किंवा 520 डी सारख्या गाडीसाठी, वर्षाला दहा हजार किलोमीटर धाव आणि अधिकृत कार्यशाळेऐवजी चांगले स्वतंत्र गॅरेज धरून काढलेले आहेत. अधिकृत कार्यशाळेत जाणार असाल तर मजुरीसह दीडपट ते दुप्पट धरावेत.

दरवर्षीचे ऑइल, फिल्टर आणि साधी सर्व्हिस यांना पंधरा ते वीस हजार लागतात. मर्सिडीजच्या या इंजिनात साडेसहा लिटर ऑइल बसते आणि डीपीएफ असल्यास ते कमी राखेचेच हवे, म्हणून डब्यावर मर्सिडीजसाठी 229.31 किंवा 229.51 आणि बीएमडब्ल्यूसाठी लाँगलाइफ-04 ही मान्यता वाचूनच घ्यावे. नेहमीच्या दुकानातले “डिझेलचे चांगले ऑइल” इथे चालत नाही. विम्याला तीस ते चाळीस हजार. त्यात 1500 सीसीवरील खाजगी गाडीचा तृतीय पक्षाचा हप्ताच 7,897 रुपये आणि वर कर आहे. एवढ्या जुन्या गाडीला शून्य घसारा संरक्षण (दाव्यात सुट्या भागांचा घसारा न कापणारे) बहुतेक कंपन्या देत नाहीत, त्यामुळे बंपर फुटला तर प्लास्टिकच्या किमतीचा निम्मा भाग आपल्या खिशातून जातो. टायरचा संच साठ हजारांपासून लाखापर्यंत; तो चार वर्षे चालतो असे धरून वर्षाला वीस हजार बाजूला ठेवावेत. चोर्ल्याच्या रस्त्यावरचा एक खोल खड्डा मात्र हा हिशेब एका संध्याकाळी मोडू शकतो, कारण कमी उंचीच्या टायरमागे अलॉय व्हीलही वाकते. ब्रेकचे पॅड आणि डिस्क, सस्पेन्शनचे आर्म आणि बुश, एजीएम बॅटरी, एसीची किरकोळ कामे आणि सेन्सर यांसाठी मिळून सत्तर हजार धरावेत. दर वर्षी ते लागतीलच असे नाही, पण तीन वर्षांची सरासरी तेवढी येते.

म्हणजे इंधन सोडून वर्षाला दीड लाख. डिझेल लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास आणि ॲव्हरेज तेरा धरले तर दहा हजार किलोमीटरला आणखी सत्तर हजार होतात. याशिवाय पन्नास हजार रुपये वेगळ्या खात्यात, हात न लावता ठेवावेत. ज्याला महिन्याला अठरा-वीस हजार गाडीसाठी सहज काढता येतात, त्याने ही गाडी घ्यावी. हप्ते भरून वर हा खर्च ओढाताण करून करणाऱ्याची गाडी वर्षभरात अंगणात उभी राहते आणि पुढच्या खरेदीदाराला आणखी वाईट अवस्थेत मिळते.

पहिल्या वर्षाचा आकडा याहून मोठा असतो. विकायचे ठरले की मालक सहा महिने आधीपासून खर्च थांबवतो, ही जगरहाटी आहे. त्याने टाळलेली सर्व कामे आपल्याकडे येतात. त्यासाठी दीड ते तीन लाख रुपये हाताशी हवेत. आता सुरुवातीची बेरीज मांडून पाहावी: पुण्याची नऊ लाखांची गाडी, चार लाख कर आणि दोन लाख दुरुस्ती, मिळून पंधरा लाख. बेळगावचीच साडेदहा लाखांची गाडी, कर नाही, दुरुस्ती तेवढीच, मिळून साडेबारा लाख.

व्यवहार आणि कागद

एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून मालकांची संख्या, बोजा (गाडीवरचे कर्ज), विमा आणि नोंदणीची मुदत पाहावी. थकीत ई-चलने वेगळी तपासावीत. महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील दोन्ही. बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि नमुना 35 घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. विक्रीसाठी नमुना 29 आणि 30 लागतात, परराज्यातील गाडीला नमुना 28 मधील ना हरकत प्रमाणपत्र आणि इथल्या नव्या क्रमांकासाठी नमुना 27. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून ठेवण्याची आपल्याकडची सवय दोघांनाही महागात पडू शकते, तेव्हा तारीख आणि नाव भरूनच सही घ्यावी. बेळगावात मुद्रांकावरील करारपत्र कित्येकदा कन्नडमध्ये लिहिलेले असते. ज्यांना कन्नड वाचता येत नाही त्यांनी ओळखीच्या माणसाकडून ते ओळ न् ओळ समजून घ्यावे.

पैसे बँकेतूनच द्यावेत. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई केलेली आहे. ताबा घेताना पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी, म्हणजे त्याआधीच्या चलनांची आणि अपघातांची जबाबदारी कोणाची याबद्दल वाद राहत नाही. दोन्ही किल्ल्या मागून घ्याव्यात. दुसरी किल्ली नसेल तर ती बनवण्याचा खर्च किमतीतून वजा करावा, आणि तो किरकोळ नसतो. विम्यावर नाव बदलण्यासाठी 14 दिवसांच्या आत अर्ज करावा. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाकडेच राहतो. 2019 च्या एप्रिलपूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागली आहे का, तेही पाहून घ्यावे.

ताबा घेतल्यावर

पहिल्या पंधरवड्यात इंजिन ऑइल, सर्व फिल्टर, ब्रेकचे तेल आणि कूलंट बदलून घ्यावे, मग जुन्या मालकाने काहीही सांगितलेले असो. गिअरबॉक्सच्या तेलाला बीएमडब्ल्यू आयुष्यभराचे म्हणते, पण तो आठ गिअरचा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला तेल बदलायला सांगते. अशा वेळी बनवणाऱ्याचे ऐकावे. त्याचे पॅन आणि फिल्टर एकत्रच, प्लास्टिकचे असते आणि पूर्ण बदलावे लागते, म्हणून तीस-चाळीस हजारांचे बिल पाहून दचकू नये.

गॅरेज निवडताना नुसत्या हाताच्या कौशल्यावर जाऊ नये. आपल्या उद्यमबाग आणि ऑटोनगर भागात लेथपासून हायड्रॉलिकपर्यंत कोणतेही यांत्रिक काम करणारी माणसे आहेत, तरीही त्या विशिष्ट कंपनीचा स्कॅनर आणि नवे मॉड्यूल कोड करण्याची सोय आहे का, हे विचारावे. नसेल तर अशा कामासाठी हुबळी, कोल्हापूर किंवा पुणे गाठावे लागेल, हे आधीच गृहीत धरावे. सुटे भाग कंपनीच्या खोक्यातूनच घेतले पाहिजेत असे नाही. सस्पेन्शनचा आर्म लेमफोर्डरचा, शॉकॲब्सॉर्बर सॅक्सचा, फिल्टर मान किंवा मालेचा घेतला तर तोच दर्जा निम्म्या-पाऊण किमतीत मिळतो आणि पुणे-मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या पार्सलने सकाळी बेळगावात येतो. मागवताना चासी क्रमांकावरून पार्ट क्रमांक काढून तोच सांगावा. नुसते “ई क्लासचा आर्म” म्हणून मागवलेला भाग हमखास परत पाठवावा लागतो. वापरलेले इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल स्वस्त म्हणून घेऊ नये, ते दुसऱ्या गाडीला जुळतेच असे नाही.

गाडी घाटात बंद पडली तर तिला दोर बांधून टोचन लावू देऊ नये. इंजिन बंद असताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलाचा दाब नसतो आणि चाके फिरत राहिली की तो आतून घासून खराब होतो. सपाट ट्रेलरच मागवावा आणि तो खर्च भागवणारी रस्त्यावरील मदतीची सोय विम्यात जोडून घ्यावी. अनमोड किंवा चोर्ला घाटात रेंज नसते, म्हणून तो क्रमांक कागदावर लिहून गाडीत ठेवावा.

नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत कधी संपते, ती तारीख आरसीवर पाहून ठेवावी. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करता येते, पण मुदत संपायला वर्ष-दीड वर्ष राहिले की गाडीला गिऱ्हाईक कमी होते. तीन-चार वर्षे वापरून विकण्याचा विचार असेल, तर घेतानाच दहा-अकरा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेऊ नये.